वेगाचा रकाना

नोकरी लागून चार महिने झाले असतील, तेव्हा कारखान्याचं स्टॉपवॉच संध्याकाळी बाहेर न्यायची लेखी परवानगी मला मिळाली. तो कागद मी कितीतरी दिवस खिशात बाळगला. आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेत शिकलेला, पुण्यात पाहुण्यांकडे राहून कॉलेज केलेला, आणि आता पिंपरीच्या एका ओतकारखान्यात वर्क स्टडी विभागात लागलेला. कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं आणि तक्त्यात भरायचं, हे माझं काम. कामगार आम्हाला 'घड्याळसाहेब' म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. त्या वर्षी आसपासच्या कारखान्यांच्या क्रीडास्पर्धेत आमच्या कंपनीनं धावण्याचा संघ उतरवायचं ठरवलं. सरावासाठी देहूरोडहून एक निवृत्त सुभेदार यायचे. पलटणीत पोरांना पळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांना वेळ मोजणारा माणूस हवा होता, म्हणून घड्याळासकट मला धाडलं गेलं. चिंचवड स्टेशनच्या पलीकडे तेव्हा मुरमाचं मोकळं रान होतं. पहिली शिफ्ट सुटल्यावर पाच वाजता आम्ही तिथे जमायचो.

मला वाटलं होतं, सराव म्हणजे घाम निघेपर्यंत मैदानाला फेऱ्या मारायच्या. सुभेदारांची रीत वेगळी होती. आधी दहा मिनिटं हळूहळू पळून अंग गरम करायचं. मग दोन चुन्याच्या खुणांमधलं अंतर जीव खाऊन धावायचं. अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागेल, एवढंच ते अंतर. तिथून परत मात्र चालत यायचं. आल्यावर मानेवर दोन बोटं ठेवून ठोके मोजायचे. ते खाली आले की दुसरी धाव. आठ वेळा असं. एखादी धाव पहिलीपेक्षा फार हळू पडायला लागली, तर त्या माणसाचा सराव तिथेच संपला, त्यानं घरी जायचं. आणि हे सगळं एक दिवसाआड. मधल्या दिवशी मैदानावर दिसायचंही नाही.

पहिल्याच दिवशी मीही धावलो. दोन धावांनंतर चालत येण्यात वेळ कशाला घालवायचा, म्हणून परतही पळतच आलो. पदवीधर माणसाला प्रत्येक गोष्ट जास्तीची केली की जास्त मार्क पडतात असं वाटतं. चौथ्या धावेनंतर कुंपणाशी बसून ओकलो. सगळे हसले. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं आणि त्यांच्या हिंदीमिश्रित मराठीत सांगितलं की धावणं हा अर्धा सराव आहे, थांबणं हा दुसरा अर्धा. काळजाला खाली यायला वेळ दिला, तरच ते पुढच्या वेळी वर चढतं. न थांबता पळणारा माणूस सराव करत नाही, तो नुसता झिजतो.

ते मी वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून मी धावलो नाही, पण थांबण्याची वेळ मोजण्यात माझ्याइतका कडक माणूस त्या मैदानावर दुसरा नव्हता. कुणी घाईनं खुणेवर उभा राहिला तर मी त्याला मागे ओढायचो, 'अजून वीस सेकंद' म्हणून.

संघात सगळ्यात वेगवान होता तो आमच्या भट्टीवरचा एक जण. चाकणच्या अलीकडच्या एका गावचा, शेतकऱ्याघरचा, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. रोज सायकलनं मोशीवरून यायचा. कारखान्यात मला साहेब म्हणायचा आणि मैदानावर राव. मी ओकलो त्या दिवशी त्यानंच पाठीवर थाप मारली होती. "राव, डिग्रीनं दम वाढत न्हाई," असं म्हणून सायकलच्या पिशवीतले शेंगदाणे माझ्यापुढे धरले होते.

त्याच्या धावण्यात एक गोष्ट होती. मी घड्याळाची कळ दाबली की तो माणूसच बदलायचा. एरवी सावकाश बोलणारा, सावकाश चालणारा. पण घड्याळाचा तो बारीक 'टक्' ऐकला की मान खाली घालून सुटायचा. सुभेदार म्हणायचे, याला शिट्टी नको आणि झेंडा नको, याला फक्त साहेबाचं घड्याळ दाखवा. आम्ही हसायचो. पुढे जे झालं त्याची मुळं इथे होती, आणि ती फक्त मलाच माहीत होती.

स्पर्धेला चार महिने होते तेव्हा आमच्या अधिकाऱ्यांनी मला भट्टीचं काम मोजायला पाठवलं. तिथलं काम असं. वितळलेलं लोखंड दोन दांड्यांच्या भांड्यात घ्यायचं, त्याला लॅडल म्हणत. दोघांनी पुढे-मागे दांड्या धरून ते साच्यांपर्यंत न्यायचं, ओतायचं आणि परत यायचं. अशा चार जोड्या होत्या. दोन जोड्या ओतत असताना दोन जोड्या दाराजवळच्या फळीवर बसून गुळाचं पाणी पीत. काही खेपा झाल्या की पाळी बदलायची. ही पाळी कोणत्या साहेबानं ठरवलेली नव्हती. भट्टीवरच्या माणसांनीच वर्षानुवर्षांत बसवलेली होती. त्यात किती खेपांनी थांबायचं आणि किती वेळ बसायचं हे त्यांना घड्याळाशिवाय कळत होतं. सुभेदार मैदानावर जे शिकवत होते तेच ही माणसं आगीपुढे करत होती. हे मला पहिल्या तासातच दिसलं. दिसलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

मैदानावरचा आमचा धावपटू ज्या जोडीत होता, तिच्यात त्याच्या मागची दांडी धरणारे काका पन्नाशीला आलेले होते. पिंपरीच्या वस्तीत राहणारे, कारखाना सुरू झाला तेव्हापासून भट्टीवर. अंगानं काटक, पण उन्हात वाळवलेल्या लाकडासारखे. सगळा विभाग त्यांना काकाच म्हणायचा.

वर्क स्टडीवाला घड्याळ घेऊन आला की कामगार हात आखडता घेतो, हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. बाकीच्या तीन जोड्यांनी तेच केलं. पण मी फळीपाशी उभा राहून कळ दाबली आणि हा गडी मैदानावरच्यासारखा सुटला. लॅडल एका दांडीवर चालत नाही. पुढचा पळाला की मागच्याला पळावंच लागतं. काका दांडीला धरून त्याच्यामागे ओढले जात होते. दुसऱ्या खेपेला मी त्यांचं बोलणं ऐकलं.

"आरं, शर्यत हाय का ही?"

तो हसला आणि म्हणाला, "चला की काका, आपला माणूस हाय घड्याळावर."

आपला माणूस. त्याला वाटलं, माझं मोजमाप चांगलं दिसावं. मैदानावर त्याची वेळ चांगली आली की मी खूश व्हायचो, टाळी द्यायचो. तेव्हा इथेही वेळ चांगली आली तर माझंच भलं होईल, असा त्याचा सरळ हिशोब होता. मोजलेल्या वेळेचं पुढे काय होतं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगू शकलो असतो. मी तक्ता भरत राहिलो.

त्या तक्त्यात वेळेच्या शेजारी एक रकाना होता, वेगाचा. माणूस रोजच्या चालीनं काम करत असेल तर तिथे शंभर लिहायचे. जास्त जोरात करत असेल तर शंभराच्या वर, म्हणजे हिशोब करताना वेळ वाढवून धरली जाते आणि कुणाच्या एका दिवसाच्या जोराची शिक्षा सगळ्यांना होत नाही. तो रकाना भरण्यासाठीच तर माणूस लागतो. नुसतं घड्याळ वाचायला कुणीही चालला असता. त्या कारखान्यात त्या माणसाचा रोजचा वेग आणि जीव खाऊन धावतानाचा वेग, दोन्ही सेकंदात ठाऊक असलेला एकच मनुष्य होता, तो मी.

मी शंभर लिहिले. तीन दिवस, प्रत्येक खेपेला, शंभर.

का लिहिले याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं सजवत आलो. आता साधं लिहितो. मी प्रोबेशनवर होतो. आमचे अधिकारी एकदा सहज म्हणाले होते की नवी मुलं कामगारांच्या बाजूनं हात सैल सोडतात. तो सैल हात आपला नाही हे मला दाखवायचं होतं. गावाकडे माझ्या नोकरीवर घर उभं होतं हे खरं, पण त्या क्षणी घर डोळ्यांपुढे नव्हतं. डोळ्यांपुढे होती ती अधिकाऱ्यांची पसंतीनं हलणारी मान.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. माझे वडील तालुक्याच्या बाजारात हमाल होते. एक ट्रक खाली झाला की त्यांची टोळी सावलीत बसायची. एखाद्या व्यापाऱ्यानं 'उठा, उठा' केलं तर वडील त्याच्याकडे पाहायचेही नाहीत. मी शाळेतून येताना त्यांच्याशेजारी बसायचो, त्यांचा श्वास खाली येईपर्यंत. म्हणजे बसलेला कष्टकरी रिकामा नसतो हे मला सुभेदारांनी शिकवायच्या कितीतरी आधी माहीत होतं. तरीही फळीवर बसलेल्या जोड्यांच्या वेळेपुढे मी 'रिकामा वेळ' असं लिहिलं. संध्याकाळी मैदानावर 'अजून वीस सेकंद' म्हणणारा हात आणि सकाळी हे लिहिणारा हात एकच होता.

हिशोब झाला. बाकीच्या जोड्यांनी मुद्दाम हात आखडला होता, म्हणून त्यांच्या वेळा बाजूला ठेवून याच जोडीच्या वेळा धरल्या. चार जोड्यांचं काम तीन जोड्यांत भागतं असं निघालं. नवं प्रमाण लावण्याआधी कामगार प्रतिनिधींबरोबर बैठक झाली. प्रतिनिधी जुना जाणता माणूस होता. त्यानं आकडे वाचले आणि थेट विचारलं, हा वेग रोजचा आहे का? अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "रीडिंग बरोबर आहेत."

खोटं काही बोललो नव्हतो. माझं शिक्षण तेवढ्यापुरतं उपयोगी पडलं.

चौथी जोडी दुसरीकडे गेली. आता दोन जोड्या ओतायच्या तेव्हा एकच फळीवर असायची. बसण्याचा वेळ निम्म्यावर आला. पहिला महिना सगळ्यांनी रेटला. आमचा धावपटू मैदानावर येत राहिला, पण त्याच्या वेळा घसरल्या. एके दिवशी सुभेदारांनी त्याला धावण्याआधीच जवळ बोलावलं, मानेवर बोटं ठेवली आणि बराच वेळ मोजत राहिले. अंग गरम करायच्याही आधीचे ते ठोके दुसऱ्यांच्या धावेनंतरच्या ठोक्यांएवढे होते. आकडा त्यांनी मला सांगितला आणि मी वहीत लिहिला. त्याला त्यांनी धावू दिलं नाही. हा इथे यायच्या आधीच कुठेतरी सराव करून येतो, असं ते मला म्हणाले, आणि कुठे ते विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही.

काकांना ते दुसऱ्या महिन्यात झेपेनासं झालं. एका दुपारी, भरलेली लॅडल हातात असताना, त्यांनी "थांब" म्हटलं. दोघांनी ती कशीबशी जमिनीवर टेकवली आणि काका तिथेच खाली बसले. कुणाला भाजलं नाही. पण लोखंड भांड्यातच थिजलं, भांडं गेलं, ओतकाम खोळंबलं. काकांना ताकीद मिळाली. त्यानंतर त्यांनी आपणहून मागून भंगाराच्या अंगणात काम घेतलं. तिथे तुटके तुकडे वेगळे करायचे असत, आणि ते काम नव्या माणसाला द्यायची पद्धत होती. वीस वर्षं भट्टीवर उभा राहिलेला माणूस तिथे टोपलीपुढे उकिडवा बसू लागला.

भट्टीवरच्या माणसांनी दोष दिला तो धावपटूला. तूच पळून दाखवलंस, असं ते म्हणत. मोजायला माणूस आला की पोरसुद्धा पाय ओढतं, आणि हा शर्यत लावतो. कुणी म्हणालं की त्याला सुपरवायझरची जागा कबूल केलीय. जेवायच्या सुट्टीत त्याच्या डब्याशेजारी कुणी बसेना. हे मी कॅन्टीनच्या आमच्या बाजूनं, जाळीतून, रोज पाहत होतो. मग तो मैदानावरही यायचा बंद झाला. सुभेदारांनी संघातून त्याचं नाव काढलं, तेव्हा घड्याळ माझ्या हातात होतं आणि मोजण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

एका रविवारी मी सायकल भाड्यानं घेऊन त्याच्या गावी गेलो. तो शेताच्या बांधावर बैलाला पाणी पाजत होता. मला पाहून त्याला आनंद झाला, हेच मला सहन झालं नाही. त्याच्या आईनं चहा केला. मी कप हातात धरूनच त्याला सगळं सांगितलं, वेगाचा रकाना काय असतो इथपासून. तो बैलाचं दावं खुंट्याला बांधत ऐकत होता. मग म्हणाला,

"म्हंजे तितं दुसरा आकडा लिवला असता, तर चौथी जोडी राहिली असती?"

"हो."

"आन् तुमाला ठाव हुतं, मी मुद्दाम पळतोय."

"हो."

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मला वाटलं, आता शिवी देईल. मला ती हवी होती.

"मला वाटलं हुतं माझीच चूक हाय," तो म्हणाला. "काकांच्या घरी जाऊन पाया पडून आलो मी."

मग त्यानं एवढंच विचारलं की मी हे साहेबांना सांगणार का. त्याच्यासाठी नको, पण काका अजून परत येऊ शकतील, हाताची सवय अजून गेलेली नाही त्यांची. मी म्हणालो, उद्या सांगतो. त्यानं मान हलवली, आणि माझ्या सायकलच्या चाकात हवा कमी आहे हे पाहून आतून पंप आणला. तो हवा भरत होता आणि मी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं नाही. प्रोबेशन संपायला पाच महिने होते. आज सांगितलं तर जाणूनबुजून खोटा तक्ता भरला म्हणून नोकरी जाईल, अशी माझी खात्री होती. आधी कायम होऊ, मग सांगू, तेव्हा आपल्या शब्दाला वजनही असेल, असं मी स्वतःला समजावलं. त्या पाच महिन्यांत तो दिवसातून दोनदा तरी समोर यायचा. एकदाही विचारलं नाही. नमस्कार मात्र करायचा. मी भट्टीच्या बाजूनं जाणं टाळू लागलो आणि लांबच्या दारानं कचेरीत जायची सवय लावून घेतली.

कायम झाल्याचं पत्र हातात पडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलो. बोलायचं धाडस नव्हतं म्हणून दोन पानं लिहून नेली होती. त्या जोडीचा वेग शंभर नव्हता, त्याच्या बराच वर होता, आणि हे मला मोजतानाच माहीत होतं. आगीपुढे बसण्याचा वेळ हा कामाचाच भाग धरावा असंही लिहिलं होतं, मैदानावरच्या वहीतल्या नोंदी जोडून. त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली. ठोक्यांच्या आकड्यांवर पेन्सिलनं खूण केली.

"हे पूर्वीच का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. "नव्या माणसाचा पहिला तक्ता चुकतोच. आम्ही पुन्हा मोजून घेतला असता."

रागावलेही नाहीत. त्यांनी दुसऱ्या निरीक्षकाला भट्टीवर पाठवलं आणि आठ दिवसांत चौथी जोडी परत आली. मला कुणी काही म्हटलं नाही. ज्या भीतीपायी मी पाच महिने गप्प बसलो होतो, ती दारामागे उभी नव्हतीच. दार मी ढकलूनही पाहिलं नव्हतं.

काकांना परत बोलावलं, पण ते आले नाहीत. मी स्वतः भंगाराच्या अंगणात जाऊन विचारलं. ते म्हणाले, भट्टी रोज उभं राहिलं तरच सोसते, एकदा अंग थंड पडलं की त्या आगीला पुन्हा तोंड देता येत नाही, आणि आता वय शिकायचं नाही. मग मला बसायला टोपली उलटी करून दिली. मी बसलो नाही. बसायला हवं होतं असं आता वाटतं.

संध्याकाळी सायकलच्या शेडमध्ये धावपटू भेटला. कुलूप काढत होता. मी म्हणालो की लिहून दिलं, चौथी जोडी आली.

"बघितलं," तो म्हणाला. "किती दिवस लागले साहेबास्नी बदलायला?"

"आठ."

"आठ," तो म्हणाला. सायकल बाहेर काढली, पायडलवर पाय ठेवला. "आन् काका पाच महिन्यांपूर्वी आले असते का वो परत?"

मी हो म्हणालो. निदान त्या वेळी मला खोटं बोलायचं नव्हतं. तो सायकलवर बसला आणि पहिली शिफ्ट सुटलेल्या गर्दीतून मोशीच्या रस्त्याला लागला, नेहमीच्या चालीनं.